फिजिक्समधल्या सी मायनसचं काय लिहायचं? : अमेरिकेतल्या एका मेडिकल अर्जाचं प्रकरण

न्यू जर्सीतल्या एका कॉलेजात मी प्री-हेल्थ सल्लागार आहे. मेडिकल, डेंटल, फार्मसीकडे जाणाऱ्या मुलांचे अर्ज आणि निबंध वाचणं हे माझं रोजचं काम. पण हे प्रकरण कॉलेजातलं नाही, आमच्या मराठी मंडळातलं आहे. मुलीने आणि तिच्या आईवडिलांनी लिहायला परवानगी दिली आहे. ओळख पटू नये म्हणून गावं आणि काही तपशील बदलले आहेत.

हेच प्रकरण घेतलं, कारण कमी ग्रेड्सबद्दल अर्जात काय लिहायचं हा प्रश्न आपल्या घरांमध्ये दरवर्षी उभा राहतो आणि दरवर्षी उलट्या टोकाने सोडवला जातो. आधी वाक्यं जुळवली जातात, शब्दांवर घरात वाद होतात, चार ओळखीच्यांना निबंध पाठवला जातो. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विद्यापीठाची गुणपत्रिका, शेजारी ठेवून तो निबंध कुणी वाचत नाही. निवड समिती मात्र तसाच वाचते.

आकडे काय सांगत होते

मुलगी इथेच जन्मलेली. वडील साताऱ्याचे, आई नाशिकची. राज्य विद्यापीठातून बायॉलॉजीची पदवी घेतलेली, त्यानंतर एक गॅप इयर. माझ्याकडे आली ती एप्रिलमध्ये. अर्ज जूनच्या पहिल्या आठवड्यात पाठवायचा होता. एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा देऊन झाली होती, ५१३ आले होते. या परीक्षेची पट्टी ४७२ ते ५२८ अशी, मधोमध ५००. प्रवेश मिळालेल्या मुलांची सरासरी ५११-५१२च्या आसपास असते, म्हणजे ही त्यांच्या जराशी वरच. त्यातही बायॉलॉजी-बायोकेमिस्ट्रीच्या भागात १३२पैकी १३१. त्या बाजूची चिंता मिटली होती.

चिंता जीपीएची, म्हणजे सगळ्या ग्रेड्सच्या ४पैकी सरासरीची. विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टवर ३.४० होता आणि घरात सगळे तोच धरून चालले होते. पण ॲमकॅस, म्हणजे बहुतेक एमडी कॉलेजांसाठी (एमडी ही इथली डॉक्टरकीची पहिलीच पदवी) एएएमसी ही मेडिकल कॉलेजांची संघटना चालवते तो सामाईक अर्ज, विद्यापीठाचा जीपीए उचलत नाही. विद्यार्थ्याने एकेक कोर्स, त्याची क्रेडिट्स (म्हणजे कोर्सचं वजन) आणि ग्रेड भरायची. ॲमकॅस ते ट्रान्सक्रिप्टशी ताडून पाहते आणि स्वतःचा हिशोब करते. या मुलीने फिजिक्स-१ दोनदा केला होता. आधी सी मायनस, नंतर ए मायनस. तिच्या विद्यापीठाच्या नियमाने दुसरी ग्रेड पहिलीची जागा घेते. ॲमकॅस दोन्ही मोजते. मी कागद-पेन घेऊन तिच्यासमोरच आकडेमोड केली: ३.३४. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ३.७५च्या वर असते. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणिताचा जीपीए वेगळा काढतात, तो आणखी खाली आला. कुणीतरी तिला सांगितलं होतं की डीओ, म्हणजे डॉक्टरकीची ऑस्टिओपॅथिक पदवी देणाऱ्या, कॉलेजांच्या अर्जात जुनी ग्रेड पुसली जाते. तेही २०१७पासून बंद झालं आहे.

हा ३.३४ ऐकून तिचा चेहरा उतरला. पण सरासरी एवढंच बघून थांबलं तर प्रकरण कळत नाही. सेमिस्टर वेगवेगळी करून मांडली तर चित्र असं होतं: पहिलं २.८७, दुसरं २.७८, तिसरं २.३५. चौथं एकदम ३.४६. आणि त्यापुढची सगळी मिळून ६० क्रेडिट्स, सरासरी ३.७५. त्यात बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी आणि फिजिक्स-२ हे तिन्ही एकाच सेमिस्टरमध्ये घेतलेले.

समितीला जुन्या ग्रेडबद्दल राग वगैरे काही नसतो. तिला एक साधी भीती असते: या मुलाला आम्ही घेतलं आणि तो पहिल्या दोन वर्षांच्या ॲनाटमी, फिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजीच्या रेट्यात बुडाला तर? स्टेप-१ ही लायसन्सची पहिली परीक्षा २०२२पासून फक्त पास-नापास झाली, पण नापास झालं तर नुकसान तेवढंच मोठं आहे. मूल मागे पडलं तर कॉलेजचाही त्यात तोटा असतो. तेव्हा त्यांचा खरा प्रश्न ‘तेव्हा काय झालं’ एवढाच नसतो. ‘आता असाच भार पडला तर काय होईल’ हा असतो. या मुलीच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये त्याचं उत्तर होतं. निबंधात नव्हतं.

पहिला खर्डा

पर्सनल स्टेटमेंटला स्पेस धरून ५,३०० अक्षरांची मर्यादा आहे. पान-दीड पान. तिच्या पहिल्या खर्ड्यात त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा ग्रेड्सवर खर्च झाला होता. मूळ इंग्रजी, मराठीत सांगायचं तर मजकूर साधारण असा:

“दुसऱ्या वर्षी माझी आजी गेली. तिच्या जाण्याने मी पार कोसळले. त्या काळात माझ्या ग्रेड्स घसरल्या, पण त्या माझी खरी क्षमता दाखवत नाहीत. आजीच्या आठवणीने मला पुन्हा उभं केलं आणि आज मी पूर्वीपेक्षा कणखर आहे.”

यातलं दुःख खोटं नव्हतं. तिच्या आजीला मी न्यू जर्सीत एका गणपतीत भेटले होते, नातीवर किती जीव होता ते पाहिलं होतं. पण ट्रान्सक्रिप्ट शेजारी ठेवलं आणि बोटाने ओळी मोजत गेले. आजी गेली दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये. ऑरगॅनिक केमिस्ट्री-१ मध्ये सी प्लस, पहिलं सेमिस्टर. ऑरगॅनिक-२ मध्ये सी, दुसरं सेमिस्टर. तेव्हा आजी साताऱ्यात ठणठणीत होती आणि दर रविवारी व्हिडिओ कॉलवर नातीला ‘जेवलीस का’ विचारत होती.

तारखा जुळत नव्हत्या. वाचणाऱ्याला हे कळायला मिनिटभरही लागत नाही, कारण ट्रान्सक्रिप्ट त्याच्या स्क्रीनवर उघडं असतं. आणि एकदा ही फट दिसली की तो उरलेला निबंधही संशयाने वाचतो. जे अगदी खरं होतं, म्हणजे ते दुःख, तेसुद्धा मग सोयीसाठी वापरल्यासारखं दिसायला लागतं.

‘माझी खरी क्षमता दाखवत नाहीत’ या वाक्याबद्दलही सांगायला हवं, कारण ते मला सारखं भेटतं. वाचणारा लगेच विचारतो: मग कुठल्या दाखवतात? त्याचं उत्तर पुढच्याच ओळीत आकड्यांनी येणार असेल तर या वाक्याची गरज नाही, आणि येणार नसेल तर त्याचा उपयोग नाही.

घरात यावर दोन मतं होती. वडील मला फोनवर म्हणाले, “ताई, खरंच तर आहे ना. पोरगी कितीतरी दिवस रडत होती. लिहायला काय हरकत आहे?” आईचं बरोबर उलट: “मार्कांचा विषयच काढायचा नाही. त्यांनी विचारलं तर बघू.” दोघंही आपापल्या परीने बरोबर बोलत होते, कारण दोघंही जिथून आले तिथे मेडिकलचा प्रवेश आकड्यावर होतो. आधी बारावीचं पीसीबी, मग सीईटी, आता नीटचे ७२०पैकी किती ते. तिथे ‘तुमच्याबद्दल लिहा’ असं कुणी विचारत नाही. त्यामुळे कमी मार्क झाकायचे किंवा कुणाला तरी दया येईल असं कारण सांगायचं, एवढेच दोन मार्ग डोक्यात येतात. शिवाय आपल्याकडे लहानपणापासून ‘कारणं सांगू नकोस’ असं बजावलेलं असतं. त्यामुळे कारण सांगायची वेळ आली की मूल एकतर गप्प बसतं, नाहीतर असं कारण शोधतं ज्यावर कुणी उलटून बोलणार नाही. मृत्यूवर कुणी उलटून बोलत नाही.

खरं काय झालं होतं

मी तिला म्हटलं, निबंध बाजूला ठेव. पहिल्या वर्षीच्या ऑक्टोबरमधला एक साधा मंगळवार मला सांग. सकाळी उठल्यापासून.

ती थोडा वेळ गप्प होती. मग हळूहळू बोलायला लागली. हायस्कूलमध्ये एपी केमिस्ट्रीत, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या कोर्सच्या परीक्षेत, ५ मिळाले होते, सगळ्यात वरचा स्कोअर. त्यावर विद्यापीठाने जनरल केमिस्ट्रीची क्रेडिट्स देऊन टाकली आणि ती पहिल्याच सेमिस्टरला थेट ऑरगॅनिकमध्ये बसली. घरी सगळे खूश, एक वर्ष वाचलं म्हणून. वर्गात बाकीची बहुतेक मुलं दुसऱ्या वर्षाची. प्राध्यापक फळ्यावर रेणू काढायचे, इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातो त्याचे बाण काढायचे, आणि हिला प्रत्येक बाण पटायचा. घरी येऊन तीच पानं पुन्हा वाचायची, हायलायटर फिरवायची. गणितं सोडवायची, पण उत्तरांची वही शेजारी उघडी ठेवून. पहिल्या मिडटर्मला १००पैकी ५४.

“ऑफिस अवर्सना, सरांच्या भेटीच्या वेळेत, का नाही गेलीस?”

“मावशी, तिथे गेलं की सरांना कळलं असतं, मला काहीच येत नाही ते.”

घरी ‘ठीक चाललंय’ एवढंच सांगत राहिली. हायस्कूलपर्यंत सगळं पहिल्या वाचनात जमत आलेल्या मुलांचं हे हमखास होतं. मदत मागायची सवयच लागलेली नसते आणि मागणं म्हणजे हरणं वाटतं.

आजीचा भाग दुसऱ्या वर्षी आला. ऑक्टोबरच्या शेवटी आजी अंथरुणाला खिळली, ही वडिलांबरोबर साताऱ्याला गेली, फिजिक्सची एक मिडटर्म आणि दोन लॅब बुडाल्या. नोव्हेंबरमध्ये आजी गेली. स्पॅनिशचा कोर्स सोडावा लागला, तिथे डब्ल्यू, म्हणजे मधेच सोडल्याची नोंद, लागली. फिजिक्स-१ मध्ये सी मायनस. म्हणजे आजीच्या आजारपणाने २.७८चं २.३५ झालं, हे म्हणता येईल. पण २.८७ आणि २.७८ कशाने झाले, याच्याशी आजीचा काही संबंध नव्हता.

हे असं वेगळं करून मांडल्यावर ती जे बोलली, ते मी तिच्याच शब्दांत देते: “मला लिहितानाच कसंतरी होत होतं. आजीला माझ्या मार्कांच्या कामाला लावल्यासारखं. पण दुसरं कारण सांगण्यासारखं नव्हतं.”

माझ्या दृष्टीने सांगण्यासारखं तेच होतं. चुकीच्या जागेवरून सुरुवात झाली, अभ्यासाची पद्धत चुकली, मदत मागितली नाही: ही तिन्ही कारणं माणसाच्या हातातली आहेत, म्हणून ती बदलल्याचं दाखवता येतं. कुणाचा मृत्यू ‘सुधारता’ येत नाही.

पुढे काय झालं हे विचारताना मात्र तिला आठवायला वेळ लागला नाही. जानेवारीत विद्यापीठातल्या सल्लागाराने बोलावून घेतलं. तिने पुढच्या सेमिस्टरचा भार १३ क्रेडिट्सवर आणला, लर्निंग सेंटरमध्ये जाऊ लागली. तिथल्या एका सीनियर मुलाने तिला पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर सगळं पुन्हा काढायला लावलं. पहिल्या दिवशी अर्धं पानही भरलं नाही. ऑफिस अवर्सना दर आठवड्याला जायचं, आणि जाताना आपण चुकवलेलं गणित बरोबर न्यायचं, असा नियम तिने स्वतःला घालून घेतला. सी मायनसवर बरीच मेडिकल कॉलेजं तो विषय पूर्ण झाला असं धरत नाहीत, म्हणून उन्हाळ्यात फिजिक्स-१ पुन्हा केला. आणि तिसऱ्या वर्षापासून, दोन वर्षं, त्याच लर्निंग सेंटरमध्ये ती फिजिक्सची ट्यूटर होती.

हे शेवटचं तिने मला आपणहून सांगितलंच नव्हतं. अर्जातल्या कामांच्या यादीत बाराव्या नंबरवर एका ओळीत टाकून दिलं होतं.

कुठे लिहायचं

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता.

ॲमकॅसच्या अर्जात बोलायच्या जागा बऱ्याच आहेत. पर्सनल स्टेटमेंट. १५ कामांची यादी, प्रत्येकी ७०० अक्षरं. त्यातल्या तीन महत्त्वाच्या कामांसाठी वर १,३२५ अक्षरं. त्यानंतर प्रत्येक कॉलेजचा सेकंडरी अर्ज, ज्यात बरीच कॉलेजं सरळच विचारतात: तुमच्या शैक्षणिक नोंदीत काही स्पष्ट करायचं आहे का? शिफारसपत्रं. आणि शेवटी मुलाखत.

२०२४च्या प्रवेशफेरीपासून आणखी एक जागा आली आहे. आयुष्यातल्या मोठ्या अडचणींबद्दल १,३२५ अक्षरांचा ऐच्छिक निबंध. वडिलांना वाटलं, आजीचं इथे छान बसेल. मी ठाम नको म्हटलं. घरातली पैशाची ओढाताण, शाळेची दुरवस्था, लहानपणापासूनची जबाबदारी, दीर्घ आजार अशा गोष्टींसाठी ती जागा आहे. दोन पगारांचं घर, एपीचे वर्ग असलेली चांगली शाळा, स्वतःची खोली असलेल्या मुलीने आजीच्या निधनासाठी ती वापरली तर शेजारच्याच अर्जातल्या मुलापुढे ती कशी दिसेल, याचा विचार करायला हवा. ती जागा रिकामी राहिली.

मग पर्सनल स्टेटमेंट. तिथला प्रश्न एकच आहे, डॉक्टर का व्हायचंय. ग्रेड्सचा खुलासा त्या प्रश्नाचं उत्तर नाही, म्हणून माझा पहिला कल तो तिथून पूर्ण काढण्याकडे असतो. इथेही होता. पण गॅप इयरमध्ये ती एका मोफत दवाखान्यात मेडिकल असिस्टंट म्हणून काम करत होती, आणि तिथली एक गोष्ट तिने सांगितल्यावर माझं मत बदललं.

दम्याचे एक वयस्क पेशंट. इन्हेलर दरवेळी वेळेआधी संपायचा, दम कमी व्हायचा नाही. डॉक्टर वापरायची रीत सांगायचे, आजोबा मान डोलवायचे, ‘हो हो’ म्हणायचे. एकदा हिने त्यांना म्हटलं, मला एकदा करून दाखवा. त्यांनी इन्हेलर हलवला नाही, तोंडासमोर धरून आधी दाबला आणि मग श्वास घेतला. सगळं औषध पांढऱ्या धुरासारखं तोंडाबाहेर गेलं. श्वास हळू आत घ्यायला सुरुवात करायची, त्याच वेळी दाबायचं, मग दहा सेकंद श्वास रोखायचा, हे तिने त्यांच्याकडून तीनदा करून घेतलं. पेशंटकडूनच परत वदवून किंवा करून घ्यायची ही पद्धत दवाखान्यांत मुद्दाम शिकवतात. हिला मात्र ती तिथे कुणी शिकवली नव्हती. मी विचारलं, तुला कसं सुचलं? ती म्हणाली, “ते जशी मान डोलवत होते ना, तशी मी ऑरगॅनिकमध्ये डोलवायचे.”

निबंधाला कणा मिळाला तो इथे. नव्या खर्ड्यात आजोबांचा प्रसंग आला आणि त्याच्या मधोमध फक्त दोन वाक्यं:

“मान डोलावली म्हणजे समजलं असं नसतं, हे मी आधी स्वतःवरून शिकले होते. पहिल्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या वर्गात प्रत्येक बाणाला माझी मान हलायची, आणि परीक्षेत तोच बाण मला काढता यायचा नाही.”

ग्रेडचा उल्लेखसुद्धा नाही. लगेच पुढचं वाक्य पुन्हा आजोबांकडे. ज्याने ट्रान्सक्रिप्ट पाहिलंय त्याला कळतं, ज्याला पाहायचंय तो पाहील. आजीबद्दल पर्सनल स्टेटमेंटमध्ये एक शब्द नाही.

ट्यूटरचं काम बाराव्या नंबरवरून उचलून तीन महत्त्वाच्या कामांत आणलं. तिथे तिने लिहिलं ते, समोरच्या मुलाला पहिला प्रश्न काय विचारायची याबद्दल: ‘तुला कुठपर्यंत कळलंय ते मला या कोऱ्या कागदावर दाखव.’

सेकंडरीतलं उत्तर

तारीखवार खुलासा फक्त इथे, आणि फक्त जिथे विचारलं होतं तिथे. दोन-तीन कॉलेजांनी हा प्रश्न विचारलाच नव्हता. त्यांच्या दुसऱ्या प्रश्नांत तो कोंबायचा मोह तिला झाला, तो मी होऊ दिला नाही. अंतिम उत्तर मराठीत असं होईल:

“पहिल्या तीन सेमिस्टरमध्ये माझ्या सायन्सच्या ग्रेड्स कमी आहेत. एपी क्रेडिटवर मी थेट ऑरगॅनिक केमिस्ट्री घेतली, नोट्स पुन्हा पुन्हा वाचणं म्हणजेच अभ्यास असं धरून चालले, आणि अडलं तरी मदत मागितली नाही. दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आजीच्या आजारपणात मी भारतात गेले. त्या सेमिस्टरला एक कोर्स सोडला आणि फिजिक्स-१ मध्ये सी मायनस मिळाला. जानेवारीत मी भार १३ क्रेडिट्सवर आणला, लर्निंग सेंटरमध्ये जाऊ लागले आणि दर आठवड्याला ऑफिस अवर्सना हजर राहिले. उन्हाळ्यात फिजिक्स-१ पुन्हा करून ए मायनस मिळवला. तो कोर्स धरून पुढच्या ६० क्रेडिट्सची सरासरी ३.७५ आहे, त्यात बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी आणि फिजिक्स-२ मी एकाच सेमिस्टरमध्ये केले. तिसऱ्या वर्षापासून दोन वर्षं मी फिजिक्सची ट्यूटर होते.”

आजी इथे आहे, पण आपल्या महिन्यात आणि आपल्या सेमिस्टरमध्ये. एका वाक्यापुरती. ‘दुर्दैवाने’ नाही, ‘कोसळले’ नाही. आठ वाक्यांतलं पहिलं काय घडलं ते सांगतं, पुढची तीन कारणाची आहेत, बाकी सगळी नंतर काय केलं त्याची.

एका वाक्यावरून आमचा चांगलाच वाद झाला. तिला लिहायचं होतं की ऑरगॅनिकच्या प्राध्यापकांची ग्रेडिंग फार कडक होती, वर्गाची सरासरीच कमी होती. ते खरंही असेल. पण त्याच वर्गात कुणाला तरी ए मिळाला होता, आणि समितीत बसलेल्यांपैकी बरेच लोक स्वतः प्राध्यापक असतात. शिवाय ते वाक्य ठेवलं असतं तर ‘मदत मागितली नाही’ या आधीच्या वाक्याचं वजन गेलं असतं. रात्री उशिरा तिचा मेसेज आला, काढलं म्हणून.

आणखी एक काम मी तिला आवर्जून करायला लावलं. ॲमकॅसमध्ये वेगळा प्रश्न असतो: कॉलेजने तुमच्यावर कधी कारवाई केली का? लोकांना वाटतं तो फक्त कॉपी किंवा गैरवर्तनाबद्दल आहे. कमी ग्रेड्समुळे झालेली कारवाईही त्यात येते, उदाहरणार्थ प्रोबेशन, म्हणजे ग्रेड्स सुधारण्याची अधिकृत ताकीद. २.३५च्या सेमिस्टरनंतर तिला तसं काही पत्र गेलं होतं का, हे तिला आठवत नव्हतं. विद्यापीठाकडून लेखी विचारून घेतलं. एकूण सरासरी २.७० होती, कारवाई झालेली नव्हती. झाली असती तर तिथे ‘हो’ लिहायचं होतं, यात दुसरा विचार नाही. कमी ग्रेडने अर्ज अवघड होतो, पण लपवलेली कारवाई सापडली तर सगळंच संपतं.

शिफारसपत्रांपैकी एक ज्यांच्याकडे तिने उन्हाळ्यात फिजिक्स पुन्हा केला त्या प्राध्यापकांचं होतं. ही पत्रं गोपनीय असतात, त्यात काय होतं ते तिलाही माहीत नाही. पण सी मायनसनंतर ज्यांच्या समोर पुन्हा बसली त्यांच्याकडेच पत्र मागणं, हे धाडस मला आवडलं.

पुढे

२४ कॉलेजांना अर्ज गेले, एमडी आणि डीओ दोन्ही. यादी करताना एएएमसीचा जीपीए आणि एमकॅट यांचा तक्ता समोर ठेवला, म्हणजे वडिलांच्या मनातली चार मोठी नावं आपोआप कमी झाली. चार मुलाखती आल्या. मार्चमध्ये एका एमडी कॉलेजमध्ये प्रवेश मिळाला, त्याआधी एका डीओ कॉलेजमध्ये मिळाला होता, एका ठिकाणी वेटलिस्ट.

यात निबंधाचा वाटा किती, हे मोजता येत नाही आणि मी मोजायला जाणार नाही. माझ्या मते गाडी ओढली ती ६० क्रेडिट्सनी आणि १३१ने. हाच निबंध, हीच वाक्यं, पण शेवटची ६० क्रेडिट्स ३.१ची असती तर मी तिला त्या वर्षी अर्जच करू दिला नसता. आधी वर्षभर पोस्ट-बॅक, म्हणजे पदवीनंतरचा जादा अभ्यासक्रम, करून सायन्सचे वरचे कोर्स घ्यायला सांगितले असते. असं सांगितलं की आईवडील नाराज होतात, वर्ष वाया जातं म्हणतात. पण अर्ज, सेकंडरी, प्रवास यांवर हजारो डॉलर घालून नकार घ्यायचा आणि पुढच्या वर्षी त्याच कॉलेजांत पुन्हा अर्ज करणारा म्हणून उभं राहायचं, ते जास्त महागात पडतं.

माझ्या एका सहकाऱ्याला पर्सनल स्टेटमेंटमधली ती दोन वाक्यं अजून पटलेली नाहीत. त्याचं म्हणणं, ऑरगॅनिकची आठवण करून द्यायची काही गरज नव्हती; वाचणारा आजोबांच्या गोष्टीत रमला असता तो पुन्हा ट्रान्सक्रिप्टकडे वळला. हा आक्षेप बिनबुडाचा नाही. जिची सुधारणा इतकी ठळक नाही अशा मुलीला मीही ती वाक्यं काढायला सांगितली असती. इथे मी ठेवली, कारण ती काढली तर आजोबांकडून इन्हेलर करून घ्यायचं तिला का सुचलं हे कळत नाही, आणि मग तो प्रसंग कुणाच्याही अर्जात चालला असता.

चार मुलाखतींपैकी एक अशी होती जिथे मुलाखत घेणाऱ्याला ग्रेड्स दाखवलेल्याच नसतात. उरलेल्या तिघांपैकी एकाने सरळ विचारलं, ऑरगॅनिकमध्ये सी, काय झालं? तिने मिनिटभरात सांगितलं आणि थांबली. थांबायची तालीम आम्ही खूप केली होती. तिन्ही ठिकाणी त्यांना जास्त ऐकायचं होतं ते इन्हेलरवाल्या आजोबांबद्दल.